खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ : शिसं शोधण्याच्या नोंदी

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

विसर्जनाची मिरवणूक काल आटोपली, आज कॉलेज पुन्हा सुरू. प्रकल्पाचा विषय पक्का केला : जुन्या घरातल्या धुळीतलं शिसं.

मॅडमनी आधी थॅलेट्स सुचवले होते. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घालतात ती रसायनं हळूहळू बाहेर पडून घरच्या केरात येतात. सोफ्याच्या फोममधली अग्निरोधक रसायनंही तशीच. पण ती मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, तो विभागात नाही. ज्वालेवर चालणारं ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्र (ज्वालेतले धातूचे अणू किती प्रकाश शोषतात त्यावरून धातू मोजणारं) मात्र आहे, आणि त्याच्या खोक्यात शिसं मोजायला लागणारा हॉलो कॅथोड दिवाही निघाला. प्रयोगशाळेतल्या मामांनी लावून दाखवला, चालतो.

शिसं निवडायला दुसरंही कारण आहे. आत्याचं घर सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात आहे. लाकडी खिडक्या, त्यांच्यावर ऑइलपेंटचे थरावर थर. नातू १४ महिन्यांचा, दिवसभर शहाबादीवर रांगतो आणि खिडकीच्या कट्ट्याला धरून उभा राहतो. दिवाळीच्या आधी त्या खिडक्या घासून रंगवायच्या आहेत. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली गेलं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आत्याच्या खिडक्यांवरचे खालचे थर या दोन्ही तारखांच्या आधीचे आहेत.

जागतिक आरोग्य संघटना शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित मानत नाही. लहान मूल गिळलेल्या शिशातला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त वाटा शोषून घेतं. आणि ते गिळतं हाताला लागलेल्या धुळीतून.

२१ सप्टेंबर, शनिवार

पद्धत ठरली. ठरावीक मापाची जागा ओल्या वाईपने तीनदा पुसायची : आधी आडवी, मग वाईप दुमडून उभी, पुन्हा दुमडून कोपरे. वाईप नळीत, नळीला झाकण. प्रयोगशाळेत नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवून २५ मिलिलिटर करायचं.

चौकट जुन्या एक्स-रे फिल्मची कापली, ३० बाय ३० सेंटिमीटर. म्हणजे ९०० चौरस सेंटिमीटर. एक चौरस फूट ९२९ चा असतो, त्यामुळे प्रत्येक उत्तराला १.०३ ने गुणायचं. जगभरचे आकडे चौरस फुटाला मायक्रोग्रॅममध्ये दिलेले असतात, म्हणून आपणही तेच एकक ठेवू.

एक मर्यादा आत्ताच लिहून ठेवते. २८३.३ नॅनोमीटरच्या रेषेवर, म्हणजे शिसं शोषून घेतं त्या प्रकाशावर, आमच्या यंत्राचा आकडा लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या खाली थरथरायला लागतो. २५ मिलिलिटरमध्ये त्याचे १२.५ मायक्रोग्रॅम होतात. त्याच्या खालचं यंत्राला दिसणार नाही. वहीत 'शून्य' लिहायचं नाही, 'ज्वालेच्या खाली' असं लिहायचं.

२३ सप्टेंबर, सोमवार

तीन कोरे वाईप, काहीही न पुसता, सगळ्या पायऱ्यांमधून काढले. दोन ज्वालेच्या खाली. तिसरा लिटरला ०.९ मिलिग्रॅम! म्हणजे जवळपास २२ मायक्रोग्रॅम शिसं, तेही पाकिटातून काढलेल्या कोऱ्या वाईपमध्ये.

पुन्हा तीन केले. या वेळी तिन्ही स्वच्छ. काचसामान १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवलेलं होतं, आम्ल एकाच बाटलीतलं होतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

रात्री झोप नीट लागली नाही. आम्ल खराब असतं तर तिन्ही बिघडले असते. वाईपच खराब असते तरीही तिन्ही बिघडले असते. एकच बिघडला, म्हणजे त्याच्यावर काहीतरी पडलं.

सकाळी लवकर जाऊन त्या दिवशी ट्रे जिथे ठेवला होता तिथेच उभी राहिले. वर खिडकी, खिडकीला जुने गज, गजांवरचा रंग पोपडे धरून सुटलेला. पंखा चालू. खाली टेबलावर बोट फिरवलं तर बोटाला बारीक हिरवट कण लागले. २२ मायक्रोग्रॅमला किती पोपडा पुरेल? रंगात १ टक्का शिसं धरलं तर फक्त २ मिलिग्रॅम. डोळ्याला मोहरीच्या फोलपटाएवढाही नाही.

मॅडमना सांगितलं. त्यांनी लगेच ट्रे आतल्या खोलीत हलवायला लावला आणि खिडकीबद्दल कार्यालयाला पत्र लिहिलं. मग क्लेअर पॅटर्सनची गोष्ट सांगितली. १९५६ मध्ये ज्यांनी पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं तेच हे. उल्केतलं शिसं मोजताना त्यांचे आकडे जुळेनात, कारण प्रयोगशाळेतल्या हवेत, भांड्यांवर, माणसांच्या केसांवर, सगळीकडे शिसं होतं. ते बाहेर ठेवायला त्यांना वर्षानुवर्षं खोलीच घासत बसावं लागलं. हे शिसं येतं कुठून, याच्या मागावर निघालेला हा भूगर्भ-रसायनज्ञ पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध उभा राहिला.

आजपासून दर सहा नमुन्यांमागे एक कोरा वाईप, आणि १०० मायक्रोग्रॅम शिसं मुद्दाम घातलेला एक. त्यातलं ८० ते १२० परत मिळालं तरच ती खेप धरायची.

२९ सप्टेंबर, रविवार

आत्याकडे गेले. पितृपक्ष चालू आहे. गुरुवारी घट बसणार, म्हणून मंगळवार-बुधवारी घर झाडून-पुसून काढणार. त्याच्या आधीची धूळ मला हवी होती.

नऊ जागा घेतल्या : बाहेरच्या आणि मधल्या खोलीतल्या खिडक्यांचे कट्टे, त्या दोन्ही खिडक्यांखालची फरशी, उंबरठ्याच्या आतली बाजू, पाळण्याखालची जागा, स्वयंपाकघराचा ओटा, माळ्याची कड आणि देवघरासमोरची फळी. देवघर तुलनेसाठी घेतलं. तिथे ऑइलपेंट नाही, खिडकी दूर, आणि आत्या ते रोज पुसते. घरातली सगळ्यांत स्वच्छ जागा तीच असणार, असं मी वहीत लिहून ठेवलं.

बाळ माझ्या मागोमाग रांगत होता. चौकट त्याला फार आवडली.

१ ऑक्टोबर, मंगळवार

पचनाचा, म्हणजे वाईप आम्लात विरघळवण्याचा दिवस. बीकरवर वॉच ग्लास, हॉट प्लेट ९५ अंशांच्या आसपास, फ्यूमहूड चालू. वाईपचा कागद आम्लात विरघळत पिवळट होतो.

सात नंबरच्या बीकरमध्ये तळाला तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी कण राहिले. बाकीच्यांमध्ये नेहमीची करडी वाळू. मला वाटलं गंज असेल. बीकर गार झाल्यावर पेरॉक्साइड थेंबथेंब घातलं, तर ते कण फसफसत नाहीसे झाले. गंज पेरॉक्साइडने असा जात नाही. वहीत तारा करून ठेवला.

सात नंबर म्हणजे देवघराची फळी.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

यंत्रावर पूर्ण दुपार. कोरे स्वच्छ, घातलेलं शिसं ९१ टक्के परत मिळालं. खेप धरली.

बाहेरच्या खोलीचा कट्टा : १.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर. २५ मिलिलिटरचे ३२.५ मायक्रोग्रॅम, चौरस फुटाला सुमारे ३४. मधल्या खोलीचा कट्टा थोडा कमी. सगळ्या फरशा, ओटा, पाळण्याखालची जागा ज्वालेच्या खाली. माळ्याची कड ५८. वर्षानुवर्षांची धूळ तिथे साचून आहे, पेट्रोलच्या काळातलीही असेल.

देवघराची फळी : ९.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. म्हणजे चौरस फुटाला २५३.

नळी बदलली असेल म्हणून पुन्हा शोषून घेतलं. ९.७. ड्युटेरियमची पार्श्वभूमी-दुरुस्ती (शिशाशिवाय इतर गोष्टींनी अडवलेला प्रकाश वजा करणारी) चालू होती, तेही तपासलं. आकडा खरा आहे.

घरी परतताना बसमध्ये ते तपकिरी कण आठवले आणि एकदम लक्षात आलं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकलेली प्रक्रिया आहे ही. शेंदूर. रेड लेड. त्यात शिशाचे अणू दोन अवस्थांत असतात. नायट्रिक आम्लात त्यातले दोन तृतीयांश विरघळतात आणि उरलेल्याचा तपकिरी लेड डायऑक्साइड होऊन तळाशी बसतो. पेरॉक्साइड त्याला विरघळवतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळीच आत्याकडे. शनिवार असल्यामुळे तिची मारुतीची पूजा चालली होती. देवघरात वीतभर उंचीची दगडी मूर्ती आहे, आजोबांच्या वेळची. आत्याने पुडीतला शेंदूर वाटीत घेतला, तेल घालून बोटाने कालवला, मूर्तीला लावला, आणि बोट फळीला टिपून पदराला पुसलं. पुडी उघडताना केशरी धूळ फळीवर पडलेली मला दिसली. मग तिने बाळाच्या कपाळाला बोट लावलं.

चिमूटभर शेंदूर मागून घेतला. दुपारी विभाग उघडा होता, मामा थांबले. परीक्षानळीत सौम्य नायट्रिक घातलं आणि केशरी रंग डोळ्यांदेखत चॉकलेटी झाला. वरचं पाणी गाळून, आम्ल बरंचसं कमी करून पोटॅशियम आयोडाइड घातलं : पिवळाधमक साका. गरम केल्यावर विरघळला, गार होताना सोनेरी चकत्या होऊन खाली उतरला. लेड आयोडाइड. शाळेच्या प्रयोगात हे पाहून मी टाळ्या वाजवल्या होत्या.

शेंदूर म्हणून बाजारात मिळणारं सगळंच शिसं नसतं, रंगवलेली दुसरी पूडही त्याच नावाने विकतात. पुडी उघडून नुसतं बघून ते कळत नाही. आत्याची पुडी खऱ्या शेंदराची आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

आत्याला सांगणं हेच या आठवड्यातलं सगळ्यांत अवघड काम होतं. काल संध्याकाळी वहिनी घरी यायची वाट पाहिली आणि दोघींसमोर बसून सांगितलं. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, म्हणजे मीच त्याला रोज विष लावत होते का?"

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलंच नव्हतं आत्या, मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं. आणि कपाळावरच्या टिळ्यापेक्षा मला फळीवरच्या कोरड्या पुडीची जास्त काळजी वाटते, कारण तिथून ती हाताला आणि तोंडात जाते. बाळाच्या हाताला टिळा लागतो, तेही टाळायला हवं.

तोडगा तिनेच काढला. मारुती वरच्या कोनाड्यात, बाळाचा हात पोचणार नाही तिथे. शेंदूर यापुढे पुडीतून वाटीत ओतायचा नाही. ओल्या कागदावर पुडी उघडून डबीतच तेल घालायचं, काडीने लावायचा, हात मोरीत साबणाने धुवायचे. बाळाला टिळा घरच्या हळदीचा. तिने लुगडं बदललं आणि ते वेगळं भिजत घातलं. फळी मी तीनदा ओल्या फडक्याने पुसली, दर वेळी नवं फडकं.

वहिनीने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शिरेतलं रक्त तपासायला सांगितलं आहे. बोटाच्या टोकाचा थेंब नको असं मीही सुचवलं होतं. बोटालाच शेंदूर लागलेला असेल तर आकडा खोटा वाढतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला. बाहेरच्या खिडकीचा पोपडा आणला होता, सगळे थर धरून. भिंगाखाली सहा थर मोजले : वरून हिरवा, फिकट हिरवा, पांढरा, पिवळा, पुन्हा हिरवा आणि तळाशी केशरी प्रायमर. ०.१ ग्रॅम पचवला. शिसं १ टक्क्याच्या थोडं वर.

याचा हिशेब वहिनीसाठी कागदावर मांडला. १ ग्रॅम पोपडा म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम शिसं. तो घासून पूड केला आणि दहा बाय दहाच्या खोलीत सारखा पसरला, तर प्रत्येक चौरस फुटाला १००. एक खिडकी घासताना ग्रॅमच्या हिशेबात कुठे निघतं? मूठभर निघतं.

रंगारी शनिवारी येणार. मी सकाळी सातला तिथे असेन, असं आत्याला सांगितलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

रंगारीकाका साडेसहालाच आले. मी पोचले तेव्हा बाहेरच्या खोलीची खिडकी पॉलिश पेपरने अर्ध्याहून जास्त घासून झाली होती. उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगत होती. काकांच्या भुवया हिरव्या. तोंडाला रुमाल. बाळ आणि वहिनी कालच माहेरी गेले होते, तेवढं बरं झालं.

मी थांबवायला लावलं. काका नाराज झाले, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं : "ताई, पाणी मारलं की लाकूड फुगतं. वाळायला दिवस जातो. तो दिवस कोण देणार?" आत्याने मधेच सांगितलं, दिवस मी देते, दोन दिवसांची मजुरी धरा.

मग मधली खोली ओली केली. जमिनीवर प्लास्टिक, कडा चिकटपट्टीने बंद. फवाऱ्याच्या बाटलीने थोडं थोडं पाणी, निथळेल इतकं नाही. पॉलिश पेपरऐवजी वॉटर पेपर. काकांच्या पिशवीत तो होताच, गाड्यांच्या कामासाठी ठेवलेला. चिखल कागदाने टिपून पिशवीत. मी त्यांना धूळ गाळणारा मास्क दिला. काका म्हणाले, अठ्ठावीस वर्षं हे काम करतोय, कुणी पाणी मार असं सांगितलं नाही.

जेवायच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, हे अंगावरच्या कपड्यांनी घरी जातं का? जातं, म्हटलं. त्यांना दोन मुली आहेत.

दोन्ही खोल्यांचे नमुने घेतले. झाडू कुणाला लावू दिला नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आकडे हाती आले. खेपेतलं घातलेलं शिसं ९४ टक्के परत, कोरे स्वच्छ.

कोरडी घासलेली खिडकी : कट्ट्याचं द्रावण दहापट पातळ करावं लागलं. चौरस फुटाला १,६५१. त्याखालची फरशी १८६. ही तीच फरशी, जी महिन्यापूर्वी ज्वालेला दिसतही नव्हती.

ओली घासलेली खिडकी : कट्टा १३२. प्लास्टिकच्या कडेबाहेरची फरशी १८.

एकाच वाड्यातल्या दोन खिडक्या आहेत, यावरून गावाचा निष्कर्ष निघत नाही. पण खिडक्या एकाच मापाच्या, रंग तेच थर, घासणारा हात तोच.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने परवाच त्यांचे आकडे आणखी खाली आणले. काम झाल्यावर घर स्वच्छ म्हणायला फरशीवर १० ऐवजी ५, कट्ट्यावर १०० ऐवजी ४०. २००१ साली ठरले तेव्हा ते ४० आणि २५० होते. आपला ९० पीपीएमचा नियम नव्याने बनणाऱ्या रंगाचा आहे. खिडकीवर आधीच बसलेल्या सहा थरांना तो लागत नाही. म्हणून मोजपट्टी मी हीच घेतली आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

उद्या वसुबारस. बाळ उद्या संध्याकाळी परत येणार, त्याआधी बाहेरची खोली साफ झालीच पाहिजे.

केरसुणी बाजूला ठेवली. कोरडं झाडलं की जाड कण सुपलीत येतात आणि बारीक धूळ पुन्हा हवेत जाऊन तासाभराने पाळण्यावर बसते. दोन बादल्या : एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फक्त फडकं पिळायला. वरून खाली : चौकट, खाच, कट्टा, भिंतीची कड, शेवटी फरशी, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. फडकी धुतली नाहीत, पिशवीत बांधली.

पहिल्या पुसण्यानंतर नमुना घेतला, तिसऱ्यानंतर पुन्हा. मधे आत्याने चहा केला, पण अंगणात. घरात कुणी काही खाल्लं नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

मॅडमनी सुट्टीपूर्वी यंत्र दोन तास दिलं. पहिल्या पुसण्यानंतरची फरशी ४९. तिसऱ्यानंतर ज्वालेच्या खाली. कट्टा ३१.

आत्याला फोन करून सांगितलं, बाळाला येऊ दे. पण 'ज्वालेच्या खाली' म्हणजे चौरस फुटाला १२.९ च्या खाली, ५ च्या खाली नव्हे. तोवर फरशीवर सतरंजी अंथरा आणि ती रोज उन्हात न झटकता धुवा, असंही सांगितलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीनंतर दुसऱ्या संस्थेतल्या ग्रॅफाइट फर्नेसवर, म्हणजे ज्वालेपेक्षा खूप कमी शिसंही दिसणाऱ्या यंत्रावर, वेळ मिळाली. इथे द्रावणाचे काही मायक्रोलिटरच नळीत जातात आणि नळी विजेने तापते. शिसं लवकर उडून जातं, म्हणून फॉस्फेट घालून त्याला धरून ठेवावं लागतं. नाहीतर राख करण्याच्या पायरीतच हरवतं. पहिल्या दोन खेपा मी अशाच घालवल्या. तिसरी बसली.

तिसऱ्यांदा पुसल्यानंतरची बाहेरच्या खोलीची फरशी : पाचपट पातळ करून मोजली, चौरस फुटाला ३.२. पाळण्याखाली त्याहून कमी. देवघराची फळी, नव्या पद्धतीने पाच शनिवार झाल्यावर, ६.५. अजून खाली यायला हवी. आत्या म्हणाली, काडीही डबीतच ठेवीन.

बाळाच्या रक्ताचा अहवाल काल आला. ४.१ मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर. अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्था ३.५ च्या वर लक्ष ठेवायला सांगते. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. लोह तपासायला सांगितलं, कारण अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. वहिनी रडली. आत्याने अहवाल देवघरात ठेवला आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

रंगारीकाकांचा फोन आला होता. धनकवडीत एका जुन्या बंगल्याचं काम मिळालंय, सगळं वॉटर पेपरने करतोय, मालकाला दोन दिवस जास्त सांगितले. मग म्हणाले, ताई, आमच्या घरचा उंबरठा आणि मी कपडे टांगतो ती भिंत पुसून बघाल का?

उद्या सकाळी नऊला जायचं. एक्स-रेची चौकट, बारा वाईप, दोन कोरे, हातमोजे, नळ्या. पिशवी भरून ठेवली आहे.